सर थांबली की गोष्ट : ‘लक्ष नसलेल्या’ चार वर्षांच्या मुलाचं प्रकरण

मुलगा ४ वर्षं २ महिन्यांचा. मालवण ते देवगड या किनारपट्टीवरची मच्छीमार वाडी. वडील यांत्रिक नौकेवर खलाशी, आई बाजारात मासे विकते, दिवसभर मूल आजीजवळ. जुलैच्या पहिल्या आठवड्यात अंगणवाडीच्या बाईंनी आईला बोलावून सांगितलं की गोष्ट सुरू झाली की हा उठतो, शेजारच्याला ढकलतो आणि सांगितलेलं काम अर्धवट टाकतो. आजी म्हणते, दहा हाका माराव्या लागतात. शेजारच्या वाडीतल्या कुणीतरी ‘हायपर’ हा शब्द घरात आणून सोडला होता. आईला तो पटत नव्हता आणि तिचा प्रश्न अगदी नेमका होता : “मोबाईल हातात इलो काय तासभर हलणा नाय. मगे लक्ष नाय कसा?”

(हे एका घराचं प्रकरण नाही. या वयाच्या मुलांत वारंवार एकत्र दिसणाऱ्या गोष्टी जोडून ते बांधलं आहे. मुलाचे आकडे नमुन्यादाखल आहेत, त्यामागचे निकष आणि कारणं मात्र खरी आहेत.)

आईच्या प्रश्नापासूनच सुरुवात करणं बरं, कारण ‘मोबाईल बघतो म्हणजे लक्ष आहे’ आणि ‘मोबाईलनेच लक्ष गेलं’ ही दोन्ही उत्तरं घाईची आहेत. आपण ज्याला ‘लक्ष’ म्हणतो ती मेंदूतली एक गोष्ट नाही. मायकल पोस्नर या संशोधकाने केलेली विभागणी आजही कामाची आहे : जागं आणि सावध राहणं, नव्या गोष्टीकडे वळणं, आणि मनात धरलेल्या कामासाठी बाकीचं बाजूला सारणं. वळण्याची यंत्रणा तान्ह्या बाळातही असते. काही हललं किंवा खुट्ट झालं की मान फिरते. तिसरी यंत्रणा कपाळामागच्या भागावर अवलंबून असते आणि तो भाग पिकायला विशीचा मध्य उजाडतो. मोबाईलवरच्या कार्टूनमध्ये दर काही सेकंदांनी चित्र बदलतं आणि प्रत्येक बदल वळण्याच्या यंत्रणेला पुन्हा ओढतो. तिथे मूल लक्ष धरत नाही, त्याचं लक्ष धरलं जातं. त्यामुळे तासभर न हलणं हा पुरावा कुठल्याच बाजूचा नाही.

याच मोबाईलमध्ये दुसरा एक धागा होता, तो सगळ्यांच्या नजरेतून सुटला होता. मोबाईल मुलाच्या कानापासून वीतभर अंतरावर असतो आणि आवाज किती मोठा ठेवायचा ते मूल ठरवतं, म्हणजे कमी ऐकू येणाऱ्या मुलालाही मोबाईल नीट ऐकू येतो.

अंगणवाडीतली मोजणी

‘लक्ष नाही’ ही तक्रार जशीच्या तशी तपासता येत नाही. ती कुठे, कधी आणि कोणत्या कामात, हे मोजावं लागतं. पद्धत सोपी आहे आणि ती बाई किंवा मदतनीस कुणीही करू शकते. दर १५ सेकंदांनी मुलाकडे एक नजर टाकायची. त्या क्षणी नजर, हात किंवा बोलणं चालू कामाशी जोडलेलं असेल तर उभी रेघ, नसेल तर टिंब. १० मिनिटांत ४० नोंदी होतात. लगेच पुढची नजर त्याच वयाच्या, कुणाचीही तक्रार नसलेल्या दुसऱ्या मुलावर टाकायची. हे दुसरं मूल नसेल तर आकड्यांना काही अर्थ उरत नाही, कारण चार वर्षांचं कुठलंच मूल ४० पैकी ४० देत नाही. ‘वयाच्या दुप्पट-तिप्पट मिनिटं’ असं सूत्र पालकांच्या मेळाव्यात ऐकायला मिळतं, त्याचा इथे उपयोग नाही. काम बदललं की मिनिटं बदलतात.

चार दिवसांच्या नोंदी अशा आल्या. काजूबिया, चिंचोके आणि शिंपले वेगळे करण्याच्या खेळात या मुलाच्या ३३ रेघा, सोबतच्या मुलाच्या ३४. पावसाच्या उघडिपीत गोष्ट चालू असताना याच्या १९, सोबत्याच्या ३१. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना गोष्ट : याच्या ९, सोबत्याच्या २१.

हे आकडे बरंच बोलतात. हाताच्या कामात फरक नाही. पाऊस दोघांनाही खाली ओढतो, म्हणजे बाईंची अर्धी तक्रार मुलाची नसून छपराची आहे. पण उघडिपीतही, फक्त ऐकण्याच्या कामात, हा मागे पडतो. अतिचंचलतेची (ज्याला घरात ‘हायपर’ म्हटलं गेलं, ती एडीएचडी) मुलंही आवडत्या खेळात रमतात, त्यामुळे एवढ्यावरून ती शक्यता खोडता येत नाही. पण पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते ठरलं : कान.

त्याआधी एक चाचणी इथेच झाली, तिला फक्त १२ पत्ते लागतात. समोर दोन खोके. एकावर लाल होडी, दुसऱ्यावर निळा मासा. हातात पत्ते निळ्या होडीचे आणि लाल माशाचे. आधी सहा पत्ते रंगाने लावायचे, मग नियम बदलून सहा आकाराने. तीन वर्षांची बहुतेक मुलं नियम बदलल्यावरही रंगानेच लावत राहतात. नवा नियम त्यांना तोंडाने सांगता येतो, पण हात जुन्याच वाटेने जातो. चार-पाच वर्षांची बरीच मुलं हा सांधा बदलू शकतात. या मुलाला पहिल्यांदा फक्त तोंडी सांगितलं तेव्हा दुसऱ्या फेरीत सहापैकी दोनच बरोबर आले. दुसऱ्या दिवशी समोर बसून, एकेक पत्ता दाखवून नियम सांगितला तेव्हा सहापैकी पाच. कपाळामागचा भाग वयाला साजेसं काम करत होता. अडचण नियम आत पोचण्यात होती.

कान

घरी किंवा अंगणवाडीत करायची पहिली चाळणी म्हणजे सहा आवाज : आ, ई, ऊ, म, श, स. मुलाला पाठमोरं बसवायचं, आवाज आला की डब्यात एक बी टाकायची. बोलणाऱ्याचा चेहरा किंवा सावलीही दिसता कामा नये, मुलं ओठांवरून फार पटकन ओळखतात. आवाजांमधली थांबण्याची वेळ कमीजास्त ठेवायची, नाहीतर मूल ताल धरून बी टाकतं. हे सहा आवाज बोलण्यातल्या खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत पसरलेले आहेत. एक मीटरवर मुलाने सहाही ओळखले. तीन मीटरवर ‘स’ कधीच नाही, ‘श’ तीनदा विचारून एकदा. चाळणी म्हणजे निदान नाही. मुलाला तपासणीसाठी पुढे पाठवायचं की नाही, एवढंच ती सांगते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासतात आणि गरजेप्रमाणे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. (हा कार्यक्रम देशभर सुरू झाला तो कोकणच्या उत्तर टोकाला, पालघरला, फेब्रुवारी २०१३ मध्ये.) पुढच्या फेरीची वाट न पाहता बाईंनी चिठ्ठी देऊन आईला पाठवलं, हा या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय.

ऑडिओलॉजिस्टकडची (श्रवणतज्ज्ञाकडची) चाचणी खेळातूनच होते. हेडफोनमध्ये सूर वाजला की खुंटी फळीत खोचायची. निकाल : उजवा कान ३० डेसिबल, डावा ३५, म्हणजे सूर एवढा मोठा झाल्यावरच ऐकू आला; आकडा जितका मोठा तितकं ऐकणं कमी. कानामागच्या हाडातून दिलेला सूर मात्र ५ ते १० डेसिबललाच ऐकू आला. म्हणजे आतला कान आणि नस ठीक, अडथळा मधल्या कानात. टिम्पॅनोमेट्रीचा (कानाचा पडदा किती हलतो ते मोजणाऱ्या चाचणीचा) आलेख दोन्ही कानांत सपाट, ‘बी’ प्रकारचा, आणि कानाच्या नळीचं माप नेहमीचं. माप मोठं आलं असतं तर पडद्याला भोक असल्याचा संशय. नेहमीचं माप आणि सपाट आलेख याचा अर्थ पडद्यामागे द्रव साठला आहे.

कान दुखत नाही, ताप नाही, पू नाही, म्हणून हा द्रव कुणाला कळत नाही. नाकाच्या मागून मधल्या कानात जाणारी नळी मुलांत आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दी झाली किंवा अ‍ॅडेनॉइड (नाकाच्या मागच्या भागातली ग्रंथी) वाढले की ती बंद पडते, आतली हवा शोषली जाते आणि त्या जागी द्रव भरतो. शाळेत जाण्याआधी बहुसंख्य मुलांना हे एकदा तरी होतं आणि बहुतेकांचं तीन महिन्यांत आपोआप ओसरतं. बहिरेपण साधारण २५ ते ३० डेसिबलचं, त्यातही आज कमी, उद्या जास्त. ‘हवं तेव्हा बरोबर ऐकतो’ हा घरातला आरोप या चढउतारातूनच येतो.

आता मराठीपुरता एक मुद्दा. आपल्या भाषेत नातं सांगणारा तुकडा शब्दाच्या शेपटीला असतो : पाटीवर, पाटीखाली, पाटीत, पाटीला. बोलताना शेवटी आवाज उतरतो, आणि स, श, फ, त, थ ही व्यंजनं स्वरांपेक्षा मुळातच बरीच हळू असतात. ३० डेसिबल कमी ऐकणाऱ्या मुलापर्यंत ‘पाटी’ पोचते, ‘त’ पोचत नाही. मूल पाटी उचलतं आणि काय करायचं ते न कळून उभं राहतं, किंवा पाटी वाजवत बसतं. बाहेरून पाहणाऱ्याला हे अर्धवट काम दिसतं.

गाळलेले तुकडे मेंदू अंदाजाने भरतो, पण फुकट नाही. शब्द काही क्षण धरून ठेवणाऱ्या स्मृतीवर तो भार पडतो आणि गोष्टीतला कोल्हा कुठे गेला हे लक्षात ठेवायला जागा कमी पडते. चार-पाच वर्षांच्या वयात शरीर स्वस्थ असताना खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी जवळजवळ दोन तृतीयांश एकटा मेंदू घेतो. अशा मेंदूने दहा मिनिटांच्या ताणानंतर चटई सोडून उठावं, यात उर्मटपणा शोधायला नको.

पाऊस आणि मागची चटई

पहिल्या भेटीत ‘द्रवाने ३० गेले, पावसाने आणखी गेले’ अशी साधी बेरीज मांडली गेली होती. ती चूक आहे. द्रव बाईंचा आवाज दाबतो तसा पावसाचाही दाबतो, दोघांतलं अंतर तेवढंच राहतं. खरी हानी दुसरीकडे होते. गोंगाटातून एक आवाज वेगळा काढताना मेंदू दोन कानांत पोचणाऱ्या आवाजाच्या वेळेतला सूक्ष्म फरक वापरतो. दोन्ही कानांत कमीजास्त द्रव असला की तो फरक बिघडतो. अशा मुलांत ही गाळणी कच्ची पडते आणि द्रव गेल्यावरही काही काळ कच्ची राहू शकते. त्यात लहान मुलांना बोलणं समजायला मोठ्यांपेक्षा जास्त शांतता लागतेच. शिक्षकाचा आवाज आजूबाजूच्या आवाजापेक्षा किमान १५ डेसिबल वर असावा असं वर्गखोल्यांसाठी सांगितलं जातं. उघड्या पत्र्याखाली आषाढात ते कुणालाच मिळत नाही.

आणि मग ‘खोडकर’ म्हणून मुलाला मागच्या चटईवर बसवलं गेलं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. एका मीटरवरून चार मीटरवर म्हणजे १२. खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज थोडी भरपाई करतो, पण तो परतणारा आवाज व्यंजनं पुसून टाकतो. ऐकू येत नाही म्हणून हलतो, हलतो म्हणून मागे जातो, मागे गेला म्हणून आणखी कमी ऐकतो. तीन आठवडे हे चक्र चालू होतं.

बाकीच्या तीन गोष्टी

कान सापडला म्हणून चौकशी थांबवायची नसते. हिमोग्लोबिन ९.८ निघालं. ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांत ११ च्या खाली रक्तक्षय धरतात आणि १० च्या खाली मध्यम. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या या वयाच्या ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय होता, म्हणजे मासे खाणाऱ्या घरातही तो गृहीत धरूनच तपासावा. लोह फक्त रक्तासाठी लागत नाही. मज्जातंतूंवरचं मायलिनचं वेष्टन आणि डोपामीन हे मेंदूतलं संदेशवाहक रसायन बनण्याची प्रक्रिया, दोन्हींना ते लागतं. हे मूल सकाळ-संध्याकाळ चहात बुडवून खारी खात होतं, आणि चहा अन्नातलं लोह अडवतो.

झोप : रात्री साडेअकरा ते सात, दुपारी एक तास. एकूण साडेआठ तास. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे ३-४ वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास लागतात. झोप कमी पडलेलं मोठं माणूस पेंगतं, लहान मूल उड्या मारतं. तोंड उघडं ठेवून घोरणं हे अ‍ॅडेनॉइडकडे बोट दाखवत होतं.

पडदा : दिवसाला साडेतीन तास, जेवताना तर हमखास. २ ते ५ वर्षांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेची मर्यादा एक तासाची आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे वडील घरी, जाळी दुरुस्त करताना टीव्ही चालू. मागे नुसता चालू राहिलेला टीव्हीही मुलाच्या खेळाचे तुकडे करतो आणि मोठ्यांचं मुलाशी बोलणं कमी करतो.

काय केलं, काय फसलं

आधीचं थांबवलं : कानात कोमट तेल, आणि दर सर्दीला दिलं जाणारं गुंगी आणणारं सिरप. पडद्यामागच्या द्रवावर तेल पोचत नाही. सर्दीच्या गोळ्या-सिरपं किंवा अँटिबायोटिक यांनी हा द्रव जात नाही. सिरपाने मूल सुस्त होतं, हा वर आणखी तोटा. तज्ज्ञांनी तीन महिने थांबून पुन्हा चाचणीचा सल्ला दिला. घरात विडी-सिगारेट बंद, कारण त्या धुराने हा आजार रेंगाळतो. वाट पाहणं म्हणजे स्वस्थ बसणं नव्हे, या तीन महिन्यांत ऐकण्याची सोय करावी लागते.

अंगणवाडीत चटई पुढे आली, बाईंपासून एक ते दीड मीटर, दाराच्या उलट बाजूला. बाई खिडकीकडे तोंड करून बसू लागल्या, म्हणजे उजेड चेहऱ्यावर. पाठीमागे उजेड असला की ओठ काळे दिसतात. सूचना देण्याआधी खांद्याला स्पर्श, नाव, नजर जुळली की पाच-सहा शब्दांचं एकच वाक्य, मग मनात पाचपर्यंत मोजायचं. ही पाचपर्यंतची थांब सर्वांत अवघड गेली. मोठी माणसं दोन सेकंदांत तीच सूचना वेगळ्या शब्दांत देतात आणि मुलाला नवं कोडं घालतात. शेवटी ‘कळलं का?’ न विचारता ‘काय करायचं, सांग’. ‘कळलं का’ला प्रत्येक मूल मान डोलावतं.

दिवसाचं वेळापत्रक पावसाला बांधलं. सर कोसळत असताना बिया, माती, ठसे, अभिनयाची गाणी. सर थांबली की गोष्ट. पत्र्यावर माडाच्या विणलेल्या झापांचा थर टाकला, थेंब थेट पत्र्यावर आपटेना. तो वाऱ्यात उडू नये म्हणून काथ्याने बांधावा लागतो आणि दर पावसाळ्याआधी बदलावा लागतो. बियांचे आणि शिंपल्यांचे खेळ नवे नव्हेत. ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून याच किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, बोर्डीत आणि पुढे कोसबाडला, परिसरातल्या वस्तूंवर बालशिक्षण उभं केलं. फक्त इथे ते खेळ शिक्षणाबरोबर कानाला विश्रांतीही देत होते.

लोहाचं सिरप पहिल्या पंधरवड्यात फसलं. १४ किलो वजनाला किलोमागे ३ मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला साधारण ४० मिलिग्रॅम लोह डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. आजीने ते चहाबरोबर दिलं. शौचाला काळं झालं तेव्हा घाबरून बंद केलं. शी काळी होणार हे आधी सांगितलं असतं तर आठवडा वाचला असता. नंतर ते जेवणानंतर तासाभराने, लिंबूपाण्यासोबत सुरू झालं. चहा मुलापुरता बंद. आहारात तिसऱ्या (खाण्याचे शिंपले) आणि कुळथाची पिठी वाढली. चार आठवड्यांनी १०.९, दोन महिन्यांनी ११.४. आकडा ११ ओलांडला की बाटली ठेवून देण्याचा मोह होतो, पण शरीरातला साठा भरायला आणखी काही आठवडे लागतात.

मोबाईल एका दिवसात बंद करण्याचा प्रयत्न चार दिवसांत कोसळला. अपेक्षितच होतं. मिळणारी गोष्ट थांबली की मागणी आधी भडकते, आणि भडकल्यावर ती दिली की पुढच्या वेळी किती भडकायचं ते मूल शिकतं. दुसऱ्या खेपेला फक्त जेवणातला पडदा काढला, दोन आठवडे बाकी काही नाही. मग झोपण्याआधीचा. त्या जागी वडिलांबरोबर जाळ्याची बुचं आणि शिसं मोजून ओवणं, रोज १५ मिनिटं, टीव्ही बंद, दोघं समोरासमोर. नव्वद टक्के वेळा वडील बोलत नसत, पण हात एकत्र चालत. वाक्य सुटलंच तर ते एका हाताच्या अंतरावर असे. झोप सप्टेंबरपर्यंत साडेदहा तासांवर आली.

ऑगस्टात सर्दी झाली आणि सगळं आठवडाभर मागे गेलं. घरच्यांना वाटलं उपाय फसले. असा आठवडा येणार हे कागदावर लिहून द्यायला हवं होतं, ते राहिलं.

ऑक्टोबरच्या मध्यावर पुन्हा चाचणी. उजवा कान १५ डेसिबल, आलेख नेहमीसारखा. डावा २५, आलेख ‘सी’, म्हणजे आत दाब कमी पण द्रव ओसरत असलेला. ग्रोमेट, म्हणजे पडद्यात बसवायची बारीक नळी, हा विषय बाजूला ठेवला गेला. दोन्ही कान सपाटच राहिले असते तर तो गंभीरपणे बोलावा लागला असता. गोष्टीच्या वेळी आता २७ रेघा, सोबत्याच्या ३१. घोरणं कमी झालं आहे, थांबलेलं नाही. अ‍ॅडेनॉइडसाठी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडची पुढची भेट ठरली आहे.

मूल अजूनही चळवळं आहे. अतिचंचलतेच्या निदानासाठी नऊपैकी किमान सहा लक्षणं, सहा महिने, घर आणि शाळा अशा दोन ठिकाणी आणि वयाच्या मानाने स्पष्ट जास्त असावी लागतात. अर्धवट ऐकू येणाऱ्या, साडेआठ तास झोपणाऱ्या मुलावर ती यादी लावली तर बरीचशी जुळते, म्हणूनच जुलैत ती लावली नाही. कान, झोप आणि रक्त सहा महिने स्थिर राहिल्यावर, वयाच्या पाचव्या वर्षानंतर, गरज वाटली तर लावायची. बोलण्यात मागे पडलेलं भरून निघतंय का, हे ‘वर, खाली, आत, मागे’ असे शेपटीचे तुकडे गाळून आणि घालून आई रोज खेळातून बघते आहे.

पत्र्याखालचा आकडा अजून दुसऱ्यांदा मोजलेला नाही, पाऊस संपला. पुढची श्रवण चाचणी मेच्या अखेरीस, मिरगाआधी. झापं त्याच आठवड्यात बदलायची. गोष्टीच्या वेळच्या ४० नोंदी पुन्हा जुलैत, त्याच सोबत्याबरोबर.